चेकची पाठ

बँकेत त्यांना परतसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्यांच्या कानावर पडेल इतक्या अंतरावरून. शाखेवर काढलेला प्रत्येक चेक वटण्याआधी शेवटी त्यांच्या टेबलावर येई, आणि त्यांच्याइतके चेक परत पाठवणारा माणूस त्या शाखेने पूर्वी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहणार नव्हती. हे नाव त्यांना ठाऊक होते. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत आणि मनातल्या मनात जपून ठेवत.

त्यांची भूमिका साधी होती आणि ती खोडून काढणे कोणाला जमले नाही. चेक म्हणजे पैसा नव्हे. चेक म्हणजे हुकूम. खातेदार आपल्या बँकेला लेखी सांगतो की, अमक्याला माझ्या खात्यातून एवढी रक्कम दे. हुकूमच संदिग्ध असेल आणि तरीही नोकराने तो पाळला, तर दोष नोकराचा. म्हणून तारीख पाहायची, नाव पाहायचे, अक्षरी रक्कम आणि आकड्यांतली रक्कम एकमेकींशी ताडून पाहायची, खाडाखोड शोधायची आणि शेवटी खातेदाराने खाते उघडताना दिलेली नमुना सही समोर धरून चेकवरची सही तिच्याशी जुळवायची. हे सगळे चेकच्या पुढच्या बाजूला असते. मागच्या बाजूला पैसे घेणारा आपला खाते क्रमांक लिहितो; ते पैसे योग्य माणसाच्या खात्यात पडले की नाही, हे पाहण्याचे काम चेक जमा करून घेणाऱ्या शाखेचे. नव्याने आलेल्या कारकुनाने चेक उलटा करून पाहिला की परतसाहेब त्याच्या हातून तो काढून घेत आणि म्हणत, "तोंड आपलं, पाठ त्यांची. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नका." आपल्या साऱ्या नोकरीत त्यांनी चेकची पाठ म्हणून पाहिली नाही.

त्यांच्या मुलाचे खातेही याच शाखेत होते. मुलगा शाळेत असताना आईच्या जोडीने उघडलेले; अर्ज परतसाहेबांनीच आपल्या वळणदार अक्षरात भरला होता. पुढे मुलाने नोकरी न करता तसबिरींच्या चौकटी तयार करण्याचे दुकान काढायचे ठरवले. बापाला ते पसंत नव्हते, पण ते काही बोलले नाहीत; न बोलणे हे त्यांच्या घरी परवानगीच्या सर्वांत जवळचे होते. मुलाने एका मोक्याच्या रस्त्यावरचा गाळा पाहिला, मालकाला अनामत रकमेचा चेक दिला, मालकाने तो आपल्या बँकेत भरला आणि एका सकाळी, इतर बँकांकडून आलेल्या गठ्ठ्यातून, तो चेक बापाच्या टेबलावर आला.

खात्यात रक्कम होती. तारीख बरोबर होती. सहीच्या खाली मात्र एक रेघ होती, मोठ्या झालेल्या मुलाने हौसेने ओढलेली, शेवटाला किंचित वर वळलेली. नमुना सहीच्या कार्डावर रेघ नव्हती. टेबलावर फोन होता. मुलगा घरी होता. परतसाहेबांनी छापील चिठ्ठीवर 'सही जुळत नाही' या कारणापुढे खूण केली, चिठ्ठी टाचणीने चेकला लावली आणि पुढचा चेक घेतला.

गाळ्याच्या मालकाने दुसऱ्याच दिवशी गाळा दुसऱ्याला दिला. ज्याचा पहिलाच चेक परत येतो, त्याच्याकडून दरमहा भाडे काय येणार, असे तो चार लोकांत म्हणाला. ते शब्द घरी पोचले तेव्हा तिघे जेवायला बसले होते.

"तुम्ही ओळखली नाहीत त्याची सही?" बायकोने विचारले.

"ओळखली."

"मग?"

"ओळखली, पण जुळली नाही."

मुलगा ताटावरून उठला. त्याच आठवड्यात त्याने घर सोडले. दूरच्या एका शहरात कोणा चौकटवाल्याच्या हाताखाली राहिला, एवढे आईकडून कळले. बापाने पत्ता विचारला नाही.

पुढच्या वर्षी मुलाच्या वाढदिवसाच्या सुमारास परतसाहेबांनी आपल्या चेकबुकातून एक पान फाडले. मुलाचे पूर्ण नाव लिहिले, वरच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा ओढल्या, म्हणजे रोख कोणाला मिळू नये, त्या नावाच्या खात्यातच पडावे. चेक पाकिटात घातला, पाकीट दाराजवळच्या फळीवर ठेवले आणि पायात चपला सरकवताना, भिंतीला सांगावे तसे म्हणाले, "तुझ्या मुलाचं पाकीट ठेवलंय. पत्ता तुझ्याकडेच असेल."

पाकिटात चिठ्ठी नव्हती. चेक हीच चिठ्ठी, असा त्यांचा हिशेब होता. टाकला तर घेतला म्हणायचे, आणि घेतला तर राग गेला म्हणायचे. स्वतःच्या खात्यावरचा चेक स्वतः तपासायचा नाही, हा त्यांचा नियम होता, तो शेजारच्या टेबलावर जाई; म्हणून ते आठवड्यातून दोनदा पासबुक छापून घेऊ लागले. महिना गेला आणि एके दिवशी रक्कम वजा झालेली दिसली. नोंदीपुढे 'क्लिअरिंग' नव्हते, 'ट्रान्सफर' होते. दुसऱ्या बँकेत टाकलेला चेक क्लिअरिंगमधून येतो. आपल्याच बँकेच्या कोणत्याही शाखेत टाकला तर ट्रान्सफर होतो. परतसाहेब घरी आले ते जवळजवळ धावत.

"अगं, कळलं का? ट्रान्सफर आलंय. म्हणजे त्यानं तिकडे आपल्याच बँकेत खातं काढलंय. एवढं मोठं शहर, छप्पन्न बँका असतील. पण गेला कुठं? आपल्याकडे."

"बरं झालं," बायको म्हणाली. ती शेंगा निवडत होती. तिने वर पाहिले नाही.

तेव्हापासून दर वर्षी एक चेक गेला आणि दर वर्षी 'ट्रान्सफर' आले. परतसाहेब निवृत्त झाले. त्यांचे टेबल गेले, मग त्या टेबलाचे कामच गेले. आता कागद एका शाखेतून दुसरीकडे जात नसे. त्याचे चित्र जाई, आणि कुठल्यातरी लांबच्या इमारतीत कोणीतरी ते पडद्यावर पाही. बहुतेकांना तेही नको होते. भाडे, पगार, वीज, सगळे फोनवरून जात होते. परतसाहेबांच्या पुस्तकात शेवटचे पान उरले तेव्हा ते नवे पुस्तक मागायला शाखेत गेले.

काउंटरवर नव्यानेच लागलेली, चटपटीत बोलणारी मुलगी होती. तिने त्यांचे खाते पडद्यावर उघडले आणि भुवया उंचावल्या.

"काका, तुम्ही वर्षाला एकच चेक काढता?"

"एकच लागतो. मुलाच्या वाढदिवसाला."

"मग पुस्तक कशाला? या वेगानं ते तुमच्या नातवालाही पुरेल."

"मला नातू नाही."

"होईल हो. आणि आता मागणाऱ्यालाच पुस्तक मिळतं, त्याचे पैसेही पडतात. त्यापेक्षा मुलाचा खाते क्रमांक सांगा. दर वर्षी ठरल्या तारखेला आपोआप जातील. तुम्ही विसरलात तरी जातील."

"मी विसरत नाही."

"तेही खरंच. पुस्तकासाठी भरलेला फॉर्म बघूनच कळलं."

परतसाहेबांनी घसा साफ केला आणि कागदाची बाजू मांडायला घेतली. चेकवर चूक असेल तर ती पकडायला मध्ये एक माणूस असतो. फोनवर बोट घसरले तर कोण पकडणार? चेक देणाऱ्याच्या हातचा असतो. बटण कोणीही दाबते. चेक थांबवता येतो. मुलगी हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. मागच्या रांगेत एकाने घड्याळ पाहिले, दुसऱ्याने तिसऱ्याला विचारले, "काका भाषण देतायत की पैसे काढतायत?"

परतसाहेब थांबले. खरा मुद्दा त्यांनी मांडलाच नव्हता आणि मांडता येण्याजोगाही नव्हता. चेक लिहायला माणसाचे नुसते नाव पुरते. तो कुठे राहतो, काय करतो, आपल्याशी बोलतो की नाही, हे चेक विचारत नाही. या नव्या व्यवस्थेला मात्र त्या माणसाचा खाते क्रमांक लागतो. आणि तो त्याच्याकडूनच मागावा लागतो.

"क्रमांक घरी आहे," ते म्हणाले. "बघून सांगतो."

"घरी कशाला हेलपाटा? मागच्या वर्षीच्या चेकच्या पाठीवर लिहिलेला असेलच की. आता सगळं स्कॅन होतं, काका. थांबा, काढून देते."

त्यांनी नको म्हणायला हात वर केला, पण तेवढ्यात चेक पडद्यावर आला होता. आधी पुढची बाजू: तारीख, नाव, रक्कम, त्यांची स्वतःची सही. सवयीने त्यांची नजर त्यावरून फिरली, दोष नव्हता. मग मुलीने बटण दाबले आणि चेक उलटा झाला.

पाठीवर निळ्या शाईत एक क्रमांक होता. त्यातला इंग्रजी चारचा आकडा वरून उघडा होता. मुलगा शाळेत असाच चार काढी. बाईंनी कितीदा लाल शाईने दुरुस्त केला तरी त्याने वळण बदलले नाही. इतक्या वर्षांनी मुलाच्या हातचे काही त्यांच्यासमोर होते. ते काउंटरवर ओणवे झाले, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली आणला. पाहणे त्यांच्या कामाचे नव्हते म्हणून, नोकरीत असेपर्यंत, दर वर्षी हे अक्षर शेजारच्या टेबलावरून निघून गेले होते.

मग त्यांनी क्रमांक वाचला.

पहिले आकडे शाखेचे असतात. हे आकडे त्यांनी आयुष्यभर लिहिले होते. ही समोरची काउंटरची खिडकी, मुलीच्या मागचा पंखा, मागची ती हिरवी भिंत, हे सगळे ज्या शाखेचे, तिचेच ते आकडे होते.

"अय्या, हे तर आपल्याच शाखेचं खातं," मुलगी म्हणाली. "मुलाचं नाव आहे आणि... काकूंचं पण आहे ना यात? मग काय, सोपंच झालं! घरातल्या घरात. करू का सुरू?"

"आत्ता नको," परतसाहेब म्हणाले.

रस्त्याने येताना त्यांना आठवले की चार तसा काढायला मुलाला कोणी शिकवले होते. वाण्याचा हिशेब, दुधाचा हिशेब, स्वयंपाकघराच्या दारामागे बायकोने खडूने लिहिलेले आकडे. घरातले सगळे चार वरून उघडे होते.

बायको जेवणाच्या टेबलाशी चादरीला टाके घालत होती. ते समोरच्या खुर्चीवर बसले. चपला पायांतच होत्या, हे तिने पाहिले.

"बँकेतली मुलगी त्याचा खाते क्रमांक मागत होती. तुझ्या मुलाचं खातं कुठल्या शाखेत आहे?"

तिने टाका पुरा केला, दोरा दातांनी तोडला. "कळलं तर," ती म्हणाली.

"मी काय विचारतोय?"

"सांगते. पहिल्या वर्षीचं पाकीट परत आलं. फोडलंही नव्हतं. वर त्याच्या अक्षरात लिहिलं होतं, घेण्यास नकार."

"मला का नाही दाखवलंस?"

"दाखवणार होते. तुम्ही पासबुक घेऊन आलात आणि म्हणालात, आजही वजा झाले नाहीत. तोंड बघवत नव्हतं तुमचं. दुसऱ्या दिवशी आपल्याच बँकेच्या बाजारातल्या शाखेत गेले आणि टाकला चेक त्या जुन्या खात्यात. त्याचं नाव आहेच त्यावर. त्या संध्याकाळी तुम्ही चहाचा कप स्वतः उचलून धुवायला ठेवलात. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. मग कशी सांगू?"

"आणि पुढची पाकिटं?"

"ती पोस्टात टाकलीच नाहीत. कशाला टाकू? अपमान दर वर्षी नव्यानं करून घ्यायचा का?"

"पैसे?"

"खर्च केले."

"सगळे?"

"पहिले तसेच ठेवले होते वर्षभर, धाक होता म्हणून. दुसऱ्या वर्षी खालचे दात बसवून घेतले. ताईनं पैसे दिले म्हणून सांगितलं होतं तुम्हाला. त्यानंतर मात्र दर वर्षी त्याच्याकडे जाऊन येते."

"कोणाकडे?"

"बाळ्याकडे. मी ताईकडे जाते म्हणते ना, तेव्हा."

परतसाहेबांनी टेबलाची कड धरली. "इतकी वर्षं मला..."

"एक फोन केला असतात ताईकडे, पोचली का म्हणून, तर पहिल्याच वर्षी पकडली असतीत मला," ती म्हणाली. "फोन करायची तुम्हाला सवय नाही."

हे वाक्य तिने आवाज न चढवता म्हटले. पण ते किती वर्षे घासून तयार झाले होते, ते ऐकू येत होते.

"त्याला ठाऊक आहे? हे पैसे कुणाचे ते?"

"नाही. माझे म्हणूनच नेते. पोरीला काहीबाही घेते, उरलेले गाडीभाड्याला."

"कुठल्या पोरीला?"

तिने चादर बाजूला ठेवली. बोलावे की नाही याचा ती विचार करत नव्हती. तो तिने केव्हाच केलेला होता. "तुमच्या नातीला," ती म्हणाली. "यंदा शाळेत जाईल."

बाहेर कोणीतरी जिन्यावरून बादली ओढत नेत होते. परतसाहेबांचे ओठ हलत होते. जन्मभर जे केले तेच ते करत होते. समोर आलेल्या प्रकरणात दोष शोधत होते. खाते मुलाच्या नावाचे. चेक मुलाच्या नावाचा. जमा करणारी सहखातेदार. काढणारीही तीच, आणि तिची सही कार्डावर आहे. पुढच्या बाजूला काही नाही. मागच्या बाजूला काही नाही.

"नियमाप्रमाणे..." त्यांनी सुरुवात केली.

"नियमाप्रमाणे सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "मी बघून घेतलं होतं. तुमच्याच घरात राहते."

"तो माझ्याबद्दल काही विचारतो?"

"एकदा विचारलं होतं. बाबा कधी म्हणाले का, फोन करीन म्हणून?"

"तू काय सांगितलंस?"

"'नाही' असंच सांगितलं. खोटं सांगायचं ते मी तुम्हालाच सांगत होते, त्याला कशाला?"

"मग?"

"मग काय? चौकटीला खिळे मारत होता, मारत राहिला. त्याचं स्वतःचं दुकान आहे आता. गाळा छोटा आहे, पण रस्त्यावरचा."

तिने उठून आपला फोन आणला, त्यावर मुलाचे नाव काढले आणि फोन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. "हिरवं बटण दाबायचं. बँकेतली पोरगी खाते क्रमांक मागते ना? मागा. बाप मुलाला खाते क्रमांक विचारू शकतो. बाकी काही बोलावंसं वाटलं नाही तर नका बोलू."

"आत्ता दुकानात असेल."

"दुकानात फोन चालतो."

"गिऱ्हाईक असेल समोर."

"मग रविवारी करा."

"बघू," परतसाहेब म्हणाले.

फोनचा पडदा थोडा वेळ उजळलेला राहिला आणि मग आपोआप काळा झाला. तिने तो उचलून नेला.

रविवार आला, त्याच्यामागे आणखी रविवार आले. काउंटरवरच्या मुलीने उत्साहाने, क्रमांकाची जागा तेवढी त्यांच्यासाठी रिकामी सोडून, अर्ज भरून ठेवला असावा, कारण परतसाहेबांच्या फोनवर बँकेचा संदेश येऊ लागला: पैसे घेणाऱ्याचा तपशील अपूर्ण आहे, कृपया पूर्ण करा. ते प्रत्येक वेळी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचत.

मुलाच्या वाढदिवसाच्या सुमारास त्यांनी पुस्तकातले उरलेले पान फाडले. तारीख घातली, पूर्ण नाव लिहिले, रक्कम अक्षरांत आणि आकड्यांत लिहिली, कोपऱ्यात दोन रेघा ओढल्या, नमुन्याबरहुकूम सही केली. पाकीट दाराजवळच्या फळीवर ठेवले. या वेळी 'तुझ्या मुलाचं' असे ते म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत.

चार दिवसांनी बायको बॅग भरून दाराशी आली.

"ताईकडे?" त्यांनी खुर्चीतून विचारले. सवयीने तोंडातून गेले.

"बाळ्याकडे," ती म्हणाली. "डब्यात दोन दिवसांचं आहे. तिसऱ्या दिवशी मी येते."

"ते पाकीट..."

तिने फळीकडे पाहिले. "ते तुमचं आहे," ती म्हणाली आणि दार ओढून घेतले.

ती परत आली तेव्हा पाकीट तिथेच होते. चेकचे आयुष्य तीन महिन्यांचे असते. त्यानंतर तो जुना होतो आणि कोणत्याही बँकेतला कोणताही कारकून तो बिनदिक्कत परत करू शकतो. परतसाहेबांना तारीख आठवायला पाकीट उघडण्याची गरज नव्हती. अखेरच्या दिवशी ते सकाळपासून फळीसमोरच्या खुर्चीत बसून होते. बायकोचा फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला होता, हाताच्या अंतरावर. बायको फडके घेऊन आली, तिने पाकीट उचलले, फळी पुसली आणि पाकीट जिथे होते तिथेच, पुढची बाजू वर करून, परत ठेवले.